कारखान्याचं मागचं दार

हेलसिंकीहून ईशान्येला निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडं सुरू होतात आणि ती संपत नाहीत. मधेच एखादं तळं चमकून जातं, पुन्हा झाडं. स्प्रूस, पाइन, बर्च, आलटून पालटून हीच तीन. फिनलंडच्या जमिनीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे, हे वाक्य मी निघण्यापूर्वी पुस्तकात वाचलं होतं. गाडीच्या काचेबाहेर तेच वाक्य तासन्‌तास चालू होतं. आणि मग एका वळणावर, जिथं फार तर लाकूडतोड्याचं खोपट असावं, तिथं लाल विटांची एक देखणी इमारत समोर आली. उतरती छपरं, विटांचीच नक्षी, उंच खिडक्यांच्या रांगा आणि पायथ्याशी फेसाळत खाली झेपावणारी नदी. मला ते चर्च वाटलं.

“चर्च नाही, मामा. तुमच्या लाइनीतलंच आहे,” भाचेसून म्हणाली. “पुठ्ठ्याची गिरणी.”

मी कोल्हापुरात छापखाना चालवण्यात जन्म घालवला. रीम, दस्ता, ताव, डेमी, क्राउन हे शब्द माझ्या तोंडी आईच्या भाषेइतकेच लवकर बसले. पुठ्ठा म्हणजे आमच्या लेखी बाइंडरच्या कोपऱ्यात पडलेला माल. पुस्तक बांधून झालं की तो कापडाखाली किंवा छापील कागदाखाली दडतो आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. त्या पुठ्ठ्यासाठी इतकी डौलदार वास्तू उभी राहिली, आणि युनेस्कोनं 1996 साली तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली! ज्या यादीत आपला ताजमहाल आणि वेरूळ आहे, त्याच यादीत वेर्ला नावाच्या आडगावातली ही गिरणी आहे. हे कळल्यावर मी दोन मिनिटं नुसता उभा राहिलो.

वेर्लाची कथा 1872 मध्ये सुरू होते. झुरिकला शिकून आलेल्या ह्यूगो नॉयमन या इंजिनिअरनं इथल्या धावत्या पाण्यावर लाकूड दळायची छोटी गिरणी काढली. चारच वर्षांत ती जळाली. 1882 मध्ये गॉटलीब क्राइडल आणि लुई हेनेल या दोघांनी त्याच जागी नव्यानं कारखाना उभारला आणि लगद्याच्या जोडीला पुठ्ठा करायला घेतला. पुढं लाकडी वाळवणघर आगीत गेलं, तेव्हा 1893 मध्ये विटांचं बांधलं. एदुआर्द डिप्पेल या वास्तुरचनाकारानं या साध्या धंद्याला जो थाट दिला, तोच आज लोक बघायला येतात. त्या काळी फिनलंड रशियाच्या झारच्या अमलाखाली होता आणि वेर्लाच्या पुठ्ठ्याचं मोठं गिऱ्हाईक रशियाच होतं. 1920 नंतर गिरणी मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात गेली, पण त्यांनी तिच्यात फारसा पैसा ओतला नाही. जुनी यंत्रं तशीच चालत राहिली, कामगार त्यांच्याबरोबर म्हातारे होत गेले. 1964 च्या जुलैमध्ये शेवटची पाळी झाली. कुणी काही मोडलं नाही, भंगारात घातलं नाही. 1972 मध्ये दारं उघडली ती थेट संग्रहालय म्हणून. कंपनीनं पैसा ओतला असता, तर या यंत्रांचं कधीच भंगार झालं असतं.

आत एकट्यानं हिंडता येत नाही, वाटाड्या बरोबर लागतो. आमच्याबरोबर कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. आवाज न चढवता, हात न हलवता ती इतकं नेमकं सांगत होती की मला आमचा जुना फोरमन आठवला. नदीतून तरंगत आलेले स्प्रूसचे ओंडके इथं साल काढून दगडाच्या रुंदीएवढे कापत. मग ते फिरत्या दळणदगडावर आडवे दाबून धरत आणि वरून पाणी सोडत. दगड फिरायचा पाण्याच्या जोरावर. लाकूड झिजून झिजून त्याचा पांढुरका लगदा व्हायचा. हा लगदा पाण्यात पातळ करून एका जाळीदार रुळावर घेत, आणि तिथून त्याचा पापुद्रा दुसऱ्या रुळावर गुंडाळला जाई. थरावर थर चढून हवी तेवढी जाडी झाली की कामगार रुळाच्या खाचेतून लाकडी काडी सर्रकन फिरवी आणि ओला ताव सुटून हातात येई. ती काडी तिथं अजून आहे. बोटांनी धरायच्या जागी ती काळी आणि गुळगुळीत झाली आहे. पुठ्ठ्याचा प्रत्येक ताव असा हातानं उतरवलेला असे, हे मला आयुष्यभर पुठ्ठा कापूनही माहीत नव्हतं.

ओले ताव दाबून पाणी काढलं की ते वाळवणघराच्या मजल्यांवर जात. तिथं लाकडाच्या जाळावर हवा तापवलेली. त्या उकाड्यात ताव टांगायचे, पालटायचे, काढायचे, हे बहुतेक बायकांचं काम. नंतर रुळांमधून घालून चकाकी आणायची, डागी ताव बाजूला काढायचे, वजन करून गठ्ठे बांधायचे. वजनाच्या जागेपाशी मुलगी थांबली आणि तिनं जमिनीकडे बोट दाखवलं. फळीत दोन खळगे होते, पावलांच्या आकाराचे. एक बाई पन्नासहून अधिक वर्षं त्याच जागी उभी राहून काम करत होती. तिच्या पायांनी लाकूड झिजलं होतं. मी वाकून खळग्यात बोट घातलं. कडा मऊ होत्या. लाकडाला दगडानं झिजवून पुठ्ठा करणाऱ्या गिरणीतली हीही एक झीज, आणि हिची नोंद कुठल्याच हजेरीपुस्तकात नाही.

पण मला वेर्लात सगळ्यात जास्त चकवलं ते मागच्या दारानं. कुठलाही कारखाना बघायचा तर पुढून जाऊ नये, मागून जावं, असं माझं जुनं मत आहे. पुढं पाटी असते, मागं गटार असतं. वेर्लाच्या मागं मी गेलो तर तिथं फक्त नदी. मुलीला विचारलं, “यातून वाया काय जायचं?” ती म्हणाली, “साल. तीही जाळायचे. बाकी फारसं काही नाही.” मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दगडावर दळलेल्या लाकडातलं शेकड्याला पंचाण्णवहून जास्त लगद्यात उतरतं. झाड जवळजवळ सगळंच्या सगळं कागदात जातं.

ही युक्ती एका जर्मन विणकराची. कागद पूर्वी चिंध्यांपासून करत आणि युरोपात चिंध्या पुरेनाशा झाल्या होत्या. सॅक्सनीतल्या फ्रीड्रिख केलरनं 1840 च्या दशकात लाकूड दळून लगदा करून दाखवला. ती विद्या जर्मनीतून फिनलंडला आणणाऱ्यांत फ्रेडरिक इडेस्टाम हा खाण-इंजिनिअर होता. त्यानं 1865 मध्ये टाम्पेरे इथं लगद्याची गिरणी काढली आणि 1868 मध्ये दुसरी, शेजारच्या नोकिया गावात. होय, तेच नोकिया. आपल्या प्रत्येकाच्या खिशात एके काळी जो फोन होता, त्याच्या कंपनीचं मूळ लाकूड दळण्यात आहे. वाटेत भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी इतका थक्क झालो की त्याला गाडी थांबवायला लावली.

दळलेल्या लगद्यात एक खोट मात्र असते, आणि ती छापखानेवाल्याला ठाऊक असते. वर्तमानपत्र उन्हात ठेवलं की पिवळं पडतं. लाकडाच्या तंतूंना चिकटवून धरणारं लिग्निन त्यात तसंच राहतं, म्हणून. पांढराशुभ्र, टिकाऊ, मजबूत कागद हवा तर लिग्निन काढून टाकायला हवं. त्यासाठी लाकडाच्या चिपा रसायनात शिजवतात. आमच्या मॅपलिथोसारखे कागद या शिजवलेल्या लगद्याचे. पण लाकूड शिजवलं की निम्मंच हाती लागतं. उरलेलं निम्मं रसायनात विरघळून काळं पाणी बनतं. वेर्लाच्या पद्धतीत झाड पुरतं वापरलं जाई, पण कागद कच्चा. नव्या पद्धतीत कागद पक्का, पण अर्धं झाड मागच्या दारानं बाहेर.

ते बाहेर कुठं गेलं, हे बघायला आम्ही क्युमी नदीच्या काठानं दक्षिणेकडे निघालो. पाइयान्ने या लांबलचक सरोवरातून निघून फिनलंडच्या आखाताला मिळेपर्यंत ही नदी सुमारे 200 किलोमीटर वाहते आणि वाटेत ठिकठिकाणी उतारावरून धावते. उतार तिथं गिरणी, गिरणी तिथं गाव. वेर्लाचा नॉयमन दगड फिरवू लागला त्याच 1872 मध्ये कूसानकोस्कीला समोरासमोरच्या काठांवर दोन कागद कंपन्या उभ्या राहिल्या. थोडं वर वोइक्का, खाली म्युल्लुकोस्की, इंकेरोइनेन, आणि नदीच्या मुखाशी कोत्का बंदर. कूसानकोस्कीची गिरणी आजही चालू आहे आणि वर्षाला आठ लाख टनांहून जास्त लगदा काढायची तिची ताकद आहे. तिच्या ट्रकवर पंखांच्या सिंहासारखा एक प्राणी रंगवलेला दिसला. ते ग्रिफिनचं बोधचिन्ह 1899 मध्ये ह्यूगो सिंबेर्ग या मोठ्या फिनिश चित्रकारानं काढलेलं. कागदाच्या गठ्ठ्यावरच्या शिक्क्यासाठी त्या देशानं आपला चित्रकार बसवला, हेही आमच्या धंद्याला नवीनच.

पुलावर गाडी थांबवून मी मुद्दाम नाक वर केलं. भाच्याला हसू आलं. “मामा, वास शोधताय?” शोधत होतोच. लगदा शिजवणाऱ्या गिरणीचा वास नासक्या कोबीसारखा येतो, ही या धंद्यातली जगजाहीर गोष्ट. जुने फिनिश लोक त्याला पैशाचा वास म्हणत. त्या दिवशी वाऱ्यावर वास नव्हता म्हटलं तरी चालेल. आता ते वायू गोळा करून जाळतात. खाली नदी स्वच्छ दिसत होती आणि एक म्हातारा गळ टाकून बसला होता. हा म्हातारा वोइक्काच्या गिरणीत नोकरी करून निवृत्त झालेला निघाला. भाच्याला फिनिश बेताची, त्याला इंग्रजी बेताची, पण दोघांनी मिळून मला बरंच काही समजावलं. त्याच्या लहानपणी या पाण्यात पोहायला घरचे सोडत नसत. पाण्यावर फेस असे, तळाशी लाकडाच्या तंतूंचा गाळ कुजत पडलेला असे, आणि उन्हाळ्यात त्यातून बुडबुडे येत.

हे ऐकताना मी एकदम पंचगंगेवर जाऊन पोचलो. आमच्या भागातल्या माणसाला ही गोष्ट उसाच्या भाषेत लगेच कळेल. उसातून साखर काढली की चिपाड उरतं आणि मळी उरते, तसं लाकडातून तंतू काढला की काळं पाणी उरतं. चिपाडावर कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि मळीपासून दारूभट्टी चालते. फिनिश गिरण्यांनी अगदी हेच केलं. लाकूड शिजवण्याच्या सल्फाइट पद्धतीत उरलेल्या पाण्यात साखर असते, त्यापासून त्यांनी स्पिरिट काढलं, आणि महायुद्धाच्या टंचाईत त्यावर गाड्याही चालल्या, घसेही ओले झाले. 1970 च्या दशकात त्याच पाण्यावर बुरशी वाढवून जनावरांसाठी प्रथिनयुक्त खाद्यही तयार झालं.

खरा पालट आला तो मात्र बॉयलरमुळं. लगदा शिजवण्याची जी पद्धत आज जगभर चालते, तिच्यातलं काळं पाणी आटवून घट्ट केलं की ते चांगलं जळतं. अर्धं झाडच ते, जळणार नाही तर काय! जळताना वाफ मिळते, वाफेवर वीज. आणि भट्टीच्या तळाशी वितळून साचतात ती शिजवण्याची रसायनं. ती विरघळवून, चुनकळी घालून पुन्हा चिपांवर सोडायची. म्हणजे जे नदीत सोडलं असतं तेच इंधन, आणि जे विकत आणलं असतं ते फुकटात परत. मध्य फिनलंडमध्ये एनेकोस्की इथं 2017 मध्ये सुरू झालेली गिरणी वर्षाला 13 लाख टन लगदा काढू शकते, कोळसा-तेलाचा थेंब न वापरता. स्वतःच्या गरजेच्या जवळजवळ अडीचपट वीज ती तयार करते. उरलेली वीज बाहेर देते. लगद्याचा कारखाना की वीजघर, असा प्रश्न पडावा.

या मागच्या दाराच्या मालाचं खरं प्रदर्शन मला कूसानकोस्कीच्या वाणसामानाच्या दुकानात दिसलं. भाचेसुनेनं टोपलीत पोरांसाठी झायलिटॉलच्या गोळ्या टाकल्या. फिनलंडमध्ये पाळणाघरातही जेवणानंतर मुलांना ही गोळी देतात, दात किडू नयेत म्हणून. ही साखर बर्चच्या लाकडातून काढण्याचा उद्योग 1970 च्या दशकात याच नदीच्या मुखाशी, कोत्कात उभा राहिला. पुढच्या फळीवर कोलेस्टेरॉल कमी करणारं, पावाला लावायचं बेनेकॉल होतं. 1995 मध्ये ते बाजारात आलं तेव्हा त्यातला गुणकारी घटक पाइनच्या तेलापासून केलेला होता. पाइन शिजवताना काळ्या पाण्यावर साबणासारखा थर तरंगतो, त्यातून हे तेल निघतं. याच तेलापासून लापीनरांता शहरातली एक रिफायनरी 2015 पासून डिझेल करते. मी बेनेकॉलचा डबा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत होतो. दुकानदाराला वाटलं असेल, माणूस किंमत बघून दचकला. दचकलो होतो, पण कागद गिरणीच्या गटारातून पावावर लोणी आलेलं बघून.

इथवर सगळं ऐकून कुणालाही वाटेल की हुशार लोकांनी फायद्यासाठी नदी साफ केली. माझंही तसंच झालं होतं. गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानं माझा तो भ्रम उतरवला. त्याचं म्हणणं साधं होतं. जे जळतं, जे खपतं, ते गिरणीनं आपणहून परत घेतलं. बाकीचं कायद्यानं काढायला लावलं. फिनलंडचा पाणी कायदा 1962 मध्ये अमलात आला, आणि नदीत काय सोडायचं त्यासाठी परवाना, मोजमाप, मर्यादा सुरू झाल्या. लगद्यात बुरशी होऊ नये म्हणून कागद गिरण्या पाऱ्याची संयुगं वापरत, ती 1960 च्या दशकाअखेर बंद झाली. 1980 च्या दशकात क्लोरिननं लगदा पांढरा करताना डायॉक्सिन तयार होतं हे उघड झालं, तेव्हा पुढच्या काही वर्षांत क्लोरिन वायू सोडून दुसऱ्या रीती आल्या. सांडपाण्यावर जिवाणू सोडून ते शुद्ध करणाऱ्या मोठाल्या टाक्या बांधल्या गेल्या. यातल्या एकाही गोष्टीतून विकायला काही निघत नाही. पारा परत घेऊन कुणाला नफा नव्हता, क्लोरिन सोडून कुणाला वीज मिळत नव्हती.

आणि जिथं कायदा उशिरा पोचला, तिथं काय होतं तेही याच नदीच्या तळाशी आहे. कूसानकोस्कीत 1940 ते 1984 पर्यंत कापलेल्या लाकडाला निळी बुरशी लागू नये म्हणून क्लोरोफिनॉलचं एक औषध बनत असे. त्यातल्या डायॉक्सिनसारख्या अशुद्धी नदीत गेल्या, गाळात बसल्या आणि समुद्रापर्यंत वाहत गेल्या. वर पाणी निवळलं, तळ निवळला नाही. गाळ उपसायला जावं तर तो ढवळून खाली पसरायची भीती. मी म्हाताऱ्याला विचारलं, “मग मासा खाता?” तो म्हणाला, “इथला मोठा मासा रोज नाही खात.” आणि पुन्हा गळाकडे बघू लागला.

मुखाजवळ लांगिनकोस्कीला झार तिसऱ्या अलेक्झांडरची मासेमारीची लाकडी बंगली आहे, 1889 मधली. अर्ध्या जगाचा धनी इथं साधा शर्ट घालून सामन माशाला गळ टाकायचा, आणि डेन्मार्कची राजकन्या असलेली त्याची राणी स्वतः चुलीशी उभी राहायची. धरणं आणि गिरण्या यांनी पुढं तो सामन जवळजवळ संपवला. पिलं सोडून, माशांना चढायला वाटा करून देऊन आता तो पुन्हा येतो. बंगलीच्या ओसरीवरून आम्हाला धावतं पाणी दिसत होतं, मासा दिसला नाही. तरी पोरं रेलिंगला चिकटून होती.

फिनलंडमध्ये हिंडताना दुसरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. गिरण्या स्वच्छ झाल्या आणि त्याच सुमारास बंदही पडू लागल्या. वोइक्का 2006 मध्ये बंद झाली, म्युल्लुकोस्की 2011 मध्ये. लोक पडद्यावर वाचू लागले, मासिकांचा कागद खपेना. मध्य फिनलंडमधली काइपोला गिरणी वर्तमानपत्राचा कागद रद्दीपासून करत असे, तिचाही 2020 च्या अखेरीस निकाल लागला. रद्दी इमानेइतबारे वेगळी ठेवणाऱ्या देशातली ही गिरणी पर्यावरणाच्या हिशेबात चांगली होती, पण तिलाही गिऱ्हाईक लागतंच. म्हाताऱ्याला मी यावर काही विचारलं नाही. त्यानंच सांगितलं की वोइक्का बंद झाली त्या वर्षी गावात घरं फुकटातच जात होती.

संध्याकाळी वेर्लाला परतलो. गिरणी कामगारांची जुनी लाकडी घरं आता भाड्यानं मिळतात, त्यातलं एक भाच्यानं घेतलं होतं. जेवताना त्याची आणि त्याच्या बायकोची जुंपली. तो म्हणाला, “आता लगद्याचा धंदा पूर्ण चक्राकार झाला. झाड वाढतं, कापतात, लावतात. 1886 पासून इथं जंगल उजाड करायला कायद्यानं बंदी आहे.” ती एका संस्थेत आकडेवारीचं काम करते. तिनं थंडपणे दुसरा आकडा टेबलावर ठेवला. 2021 मध्ये फिनलंडच्या जंगल आणि जमिनीनं मिळून जेवढा कार्बन शोषला, त्याहून जास्त सोडला. अशी नोंद तोवर झाली नव्हती. तोड वाढली, झाडांची वाढ मंदावली, आणि एक जुनं देणं अंगावर आलं. 1950 नंतरच्या दशकांत झाडं वाढावीत म्हणून दलदली कोरड्या करण्यासाठी चर खणले गेले. देशातली निम्म्याच्या आसपास दलदल अशी सुकवली गेली. हजारो वर्षं पाण्याखाली दबलेलं पीट उघडं पडलं की हळूहळू कुजतं आणि हवेत जातं.

भाचा म्हणाला, “झाडं पुन्हा वाढतातच ना.” ती म्हणाली, “वाढतात, पण तोडीच्या वेगानं नाही.” मी गप्प बसून भात कालवत होतो, पण मनात म्हाताऱ्याचं वाक्य घोळत होतं. एनेकोस्कीच्या गिरणीत झाडाचा कणन्‌कण वापरला जातो. साल, चिपा, काळं पाणी, तेल, सगळं. पण ज्या कार्बनला गिरणीच्या खातेवहीत भाव नाही, तो मोजायचं काम गिरणीवर सोडून चालणार नाही, जसं पारा मोजायचं काम तिच्यावर सोडून चाललं नसतं. फिनलंडमध्ये आता नेमका याच गोष्टीवर वाद पेटला आहे. तोडीला मर्यादा हवी का, चर बुजवायचे का, जुनी रानं किती राखायची. तिथली साठ टक्क्यांच्या आसपास वनजमीन कुटुंबांच्या मालकीची आहे. शेतकऱ्याच्या नातवाला जंगल हे बँकेतलं खातं वाटतं. म्हणून हा वाद विधिमंडळापासून जेवणाच्या टेबलापर्यंत चालतो.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी नदीपलीकडचा खडक बघितला. त्यावर गेरूनं काढलेली मूसची आणि माणसांची चित्रं आहेत, हजारो वर्षांपूर्वीची. 1974 पर्यंत ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. गिरणी ऐंशीहून अधिक वर्षं समोर चालली आणि बंद पडली, तोवर ही चित्रं तिथंच होती.

कोल्हापूरला परतल्यावर लोक विचारतात, काय पाहिलंत? मी सांगतो, पुठ्ठ्याची गिरणी. ते हसतात. मग मी त्यांना मळीची गोष्ट सांगतो. महाराष्ट्रात बल्लारपूरला वर्धा नदीकाठी बांबूपासून कागद होतो, आमच्याकडे उसापासून साखर होते, आणि टाकाऊपासून कमाई करायची विद्या आपण कुणाकडून शिकायची राहिलेली नाही. चिपाडावर वीज आम्हीही करतो, मळीपासून इथेनॉल आम्हीही काढतो, सभांमधून त्याचे आकडेही मोठ्यानं सांगतो. ज्याला भाव आहे ते आम्ही एक थेंब वाया जाऊ देत नाही. पण दारूभट्टीतून उरणाऱ्या पाण्याला, स्पेंटवॉशला, भाव नाही, गावाच्या मैल्याला भाव नाही, म्हणून पंचगंगेवर फेस येतो आणि उन्हाळ्यात मेलेले मासे तरंगतात. क्युमीच्या काठच्या लोकांनी नफा आणि कायदा या दोन्ही पायांवर चालून नदीचं पाणी परत मिळवलं. तळ अजून मिळवायचा आहे, जंगलाचं भांडण मिटायचं आहे. आमचा एक पाय मात्र चांगला धडधाकट आहे, दुसरा परवान्यांच्या फायलीत अडकून पडलाय. कुणी चक्राकार अर्थव्यवस्थेवर भाषण ठोकू लागला की मी आता एवढंच विचारतो, ज्याला गिऱ्हाईक नाही ते कुठल्या दारानं बाहेर जातं, आणि तिथं मोजायला कोण उभं आहे?